शस्त्रक्रियेनंतरची रात्र

ऑगस्ट १९३८च्या अखेरीस बोस्टनच्या बालरुग्णालयात रॉबर्ट ग्रॉस या तरुण सर्जनने सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी दोऱ्याने बांधली. जन्मानंतर ती आपोआप मिटायला हवी होती, मिटली नव्हती. ग्रॉसचे वरिष्ठ त्या वेळी सुटीवर होते. ते असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं, असं सांगितलं जातं. जन्मजात हृदयविकारावरच्या शस्त्रक्रियांचा इतिहास बहुतेक जण इथून सुरू करतात. त्यानंतर आठवडाभरातच मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघालं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि पाचवे आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण परदेशी जाऊन फुकट उपचार करणारं पथक आणि लहान मुलाच्या हृदयावरची शस्त्रक्रिया या दोन गोष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्या. ही एकत्र आलेली कल्पना पुढे अनेकदा अडखळली. जिथे अडखळली तिथलं उत्तर कोटणीसांच्या चार वर्षांच्या कामात होतं, असं मला वाटतं.

सोलापुरात कोटणीस म्हटलं की भैय्या चौकातलं स्मारक आणि शांतारामांचा १९४६ सालचा चित्रपट आठवतो. परमुलखात जीव देणारा डॉक्टर, एवढीच ओळख आपण जपली. त्यांच्या कामाचा जो भाग चित्रपटात मावत नाही, तो मला अधिक मोलाचा वाटतो. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले. १९४१च्या सुरुवातीला बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी शस्त्रक्रियेवरचं एक पाठ्यपुस्तक पुरं केलं. दुसरं अर्ध्यावर असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. जखमींवर उपचार करायला गेलेला माणूस पाठ्यपुस्तक लिहायला बसतो, तेव्हा त्याला आपल्यानंतरची काळजी लागलेली असते.

लहान मुलांच्या हृदयाकडे वळू. १९४४मध्ये बाल्टिमोरला ‘निळ्या’ बाळांसाठी ब्लॅलॉक, टॉसिग आणि थॉमस यांची शस्त्रक्रिया आली. १९५३मध्ये गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने हृदय उघडून आतलं छिद्र बंद केलं. श्रीमंत देशांत ही विद्या स्थिरावली तसा उरलेल्या जगाचा प्रश्न उभा राहिला. त्यावरचं पहिलं उत्तर सरळ होतं : मुलालाच इकडे आणा. मिनिआपोलिसमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या चिल्ड्रन्स हार्टलिंकने सुरुवातीला तेच केलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या रोटरी मंडळींनी १९७५ साली युगांडातली एक पाच वर्षांची मुलगी शस्त्रक्रियेसाठी आणली, त्यातून ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ उभं राहिलं. या कामातला चांगुलपणा निर्विवाद होता. पण एका मुलाच्या विमानप्रवासात, मुक्कामात आणि परदेशी रुग्णालयाच्या खर्चात त्याच्याच देशात कितीतरी मुलांचं काम झालं असतं. शिवाय मूल बरं होऊन परतलं तरी त्याच्या गावच्या डॉक्टरांच्या ज्ञानात काहीच भर पडत नव्हती.

मग दिशा उलटी झाली आणि पथकच मुलाकडे जाऊ लागलं. सर्जन, भूलतज्ज्ञ, हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारे तंत्रज्ञ आणि अतिदक्षता विभागातल्या परिचारिका आपली रजा खर्चून, सामानाच्या पेट्या घेऊन निघत. मेम्फिसचे विल्यम नोव्हिक यांनी १९९३मध्ये त्यासाठी संस्था काढली. ब्रिटनमध्ये सर मॅग्दी याकूब यांचं ‘चेन ऑफ होप’ उभं राहिलं. लेस्टरच्या डॉ. संजीव निचानी यांनी २००७मध्ये स्थापन केलेल्या ‘हीलिंग लिटल हार्ट्स’ची पथकं भारतातल्या रुग्णालयांतही येऊ लागली.

हे टीकेचे धनी होऊ नयेत असे लोक आहेत. तरीही आठवडाभराच्या शिबिराचं अंगभूत गणित तपासायला हवं. पथक शनिवारी परत जाणार असेल, तर शुक्रवारी अवघड शस्त्रक्रिया कोणी घेत नाही. म्हणून निवड साध्या विकारांकडे झुकते. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र, उघडी राहिलेली रक्तवाहिनी, आणि मूल जरा मोठं, वजन धरलेलं. पण खरी घाई ज्यांना असते ती बाळं शिबिराची तारीख पाहून जन्माला येत नाहीत. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर ती दुरुस्त करायला जन्मानंतरचे काही आठवडेच हाताशी असतात. तेवढ्यात डावा कप्पा कमी दाबावर काम करायची सवय लावून घेतो आणि मग शरीराचा भार त्याला पेलत नाही. खालच्या कप्प्यांमधलं मोठं छिद्रही पहिल्या काही महिन्यांत बुजवावं लागतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या जाड होतात आणि एक दिवस असा येतो की कितीही निष्णात सर्जन आला तरी छिद्र बंद करणं धोक्याचं ठरतं. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळं जन्मजात हृदयविकार घेऊन येतात आणि त्यांतल्या सुमारे पंचमांशांना पहिल्या वर्षातच उपचार लागतात, असा अंदाज आहे. हे काम पाहुण्यांच्या सवडीने होण्यासारखं नाही.

दुसरी अडचण शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीची. टाके घालून झाले की लोकांना काम संपल्यासारखं वाटतं. लहान मुलाच्या बाबतीत ते तिथे निम्मं होतं. चार किलोच्या बाळाचा रक्तदाब, लघवीचं प्रमाण, श्वासनलिकेत साचणारा कफ, औषधाच्या थेंबाथेंबाचा हिशेब आणि जंतुसंसर्गाची पहिली चाहूल पहाटे तीन वाजता जागी असलेली परिचारिका टिपते. तिने टिपलं आणि ते बोलून दाखवायची तिला मुभा असली, तर मूल वाचतं. बोस्टनच्या बालरुग्णालयातून २००८च्या सुमारास विकसनशील देशांतल्या केंद्रांसाठी सुरू झालेल्या सहयोग प्रकल्पाने नेमका यावरच भर दिला : सुरक्षित शस्त्रक्रिया, संसर्गाला आळा आणि परिचारिकांना बोलायचं बळ. शिकवणं बरंचसं दूरस्थ पद्धतीने, इंटरनेटवरून चाले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सतरा देशांतल्या अठ्ठावीस केंद्रांमधलं मृत्यूंचं आणि संसर्गाचं प्रमाण घटलेलं दिसलं. सर्जनला विमानात बसवण्यापेक्षा हा उपाय कमी झगमगाटाचा, त्यामुळे त्याचे फोटो कमी छापले जातात. नोव्हिक यांच्या पथकांनीही एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन स्थानिक मंडळी तयार करण्याची वाट धरली. चिल्ड्रन्स हार्टलिंक आता मुलं अमेरिकेला नेत नाही. कोचीच्या अमृता रुग्णालयासारख्या केंद्रांना सोबत घेऊन काम करतं.

या काळात भारताची जागाही बदलली. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनीचं केंद्र मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करतं, आणि २०२२ मध्ये याच परंपरेतलं रुग्णालय फिजीतल्या सुव्हा इथे सुरू झालं. पथकं घेणारा देश पथकं पाठवू लागला.

सोलापूरपुरतं बोलायचं तर पैशाची भिंत बरीच खाली आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा लागू झाली, त्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. यंत्रमागावर किंवा विडीच्या सुपावर पोट असलेल्या घराला शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी दागिने मोडायची वेळ पूर्वीइतकी येत नाही. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. पूर्वी ‘काळजाला भोक’ असलेलं मूल दम लागून खाली बसतं, एवढंच घरच्यांना माहीत असे. आता निदान टू-डी इकोपर्यंत ते पोचतं.

पण अंगणवाडीत पोचायला मूल आधी जगायला हवं. करमाळ्यात किंवा अक्कलकोटला एखाद्या प्रसूतिगृहात जन्मलेलं निळसर बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातं. जाण्याआधी त्याच्या उजव्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून पाहिला, तर धोक्याच्या विकारांपैकी बरेचसे तिथेच लक्षात येतात. या तपासणीला काही मिनिटं लागतात, सर्जन लागत नाही. पुढे त्या बाळाला ऊब आणि रक्तवाहिनी उघडी ठेवणारं औषध चालू ठेवून पुण्या-मुंबईपर्यंत न्यावं लागतं. ती रुग्णवाहिका कोणाची, त्यात कोण बसणार, आणि परत आल्यावर तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आईला औषधांच्या वेळा तिच्या भाषेत कोण समजावणार, हे ठरवायला परदेशी पथकाची वाट पाहण्याचं काहीच कारण नाही. रजा टाकून सोलापूरला यायला निघालेल्या एखाद्या परदेशस्थ मराठी डॉक्टरने मला विचारलं, तर मी शिबिराऐवजी जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांमधल्या परिचारिकांची यादी त्याच्या हाती देईन.