रोजचे माप

वाचन : निर्गम, अध्याय 16, गणना, अध्याय 11



इस्राएल लोकांस रानात मान्ना मिळाला तो मापाने मिळाला. माणशी एक ओमर, आणि तोही रोजचा रोज. त्या मापावर ते 40 वर्षे जगले. परंतु त्यांनीच मांसाचा हव्यास धरला, तेव्हा दोन दिवस व एक रात्र लावे पक्षी गोळा केले, आणि त्या जागेस हव्यासाच्या कबरी असे नाव पडले.

आज आपल्या मंडळ्यांत मधुमेह व रक्तदाब ह्यांनी पीडलेले पुष्कळ आहेत. डॉक्टर वजन उतरवावयास सांगतो. मग एखादा बंधु आठ दिवस जवळजवळ उपाशी राहतो, आणि नवव्या दिवशी लग्नाच्या पंगतीत सर्व भरून काढतो. एकाएकी उपाशी ठेविलेले शरीर भूक वाढविते व आपला खर्च आखडते. म्हणून उतरलेले वजन बहुधा परत येते. त्याला वाटते, देवाने माझी प्रार्थना ऐकिली नाही. परंतु देवाने मान्ना आठ दिवसांचा एकदम दिला होता काय?

म्हणून लहान पण टिकाऊ पाऊल टाकावे. चहात दोन चमचे साखर घेत असाल, तर एक घ्या. ताटात भाजी व उसळ वाढवा, भात कमी करा. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी थोडे थांबा. एक सवय अंगी मुरली म्हणजे दुसरी धरा. आठवड्यास अर्धा किलो उतरले तरी पुरे. 80 किलोच्या मनुष्याचे 4 किलो वजन उतरून तसेच राहिले, तरी रक्तातील साखर व रक्तदाब ह्यांस गुण येऊ लागतो. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरास विचारल्यावाचून उपास करू नये; आणि जो आधीच कृश आहे, त्याला हा उपदेश नाही.

कोणाच्या स्थूलपणावरून त्याच्या अंतःकरणाचा न्याय करू नका; आजार, औषधे व घराण्याची ठेवणही त्यास कारण होतात. त्यापेक्षा आपल्या चुलीकडे पाहा. उरलेले वाया जाऊ नये म्हणून घरची माउली ते शेवटी आपल्या पोटात घालते. तर मापानेच का रांधू नये? पाहुण्याने पुरे म्हटल्यावर आग्रह करणे ही प्रीती नव्हे.

पुढील पिढ्यांसाठी परमेश्वरासमोर जे पात्र ठेविले, त्यात मान्ना एकच ओमर होता. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही आपण आजच्या भाकरीपुरतेच मागतो. जे मागतो, त्यात तृप्त होण्याची कृपा तो आपणांस रोज देवो. आमेन.