जाणे आणि जाणणे

मराठीत 'जाणे' व 'जाणणे' ह्या दोन शब्दांत एका अक्षराचेच अंतर आहे. व्युत्पत्ती निराळी असली तरी त्यांचा शेजार बोलका आहे. पाठशाळेत गुरुजी आम्हांस सांगत, की जे धातू गतीचे, ते ज्ञानाचेही समजावेत. 'मला हे अवगत आहे' असे आपण म्हणतो, त्यातला 'गत' हा जाण्याचाच आहे. म्हणजे पूर्वजांच्या मते जो खरा गेला, त्याला काहीतरी कळले पाहिजे. तेव्हा विचार करण्याजोगा प्रश्न असा, की जाण्याचा वेग वाढला म्हणजे जाणणे वाढते की घटते?

हा प्रश्न आम्हांस जपानात पडला. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त टोकियोस असतात. नातवंडांच्या सुटीत त्यांनी आम्हां उभयतांस बोलावून घेतले आणि सर्व कुटुंब तेथील जलद गाडीने ओसाकास गेले. हा लोहमार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला. लांबी सुमारे ५१५ किलोमीटर. त्यापूर्वी जलदातल्या जलद गाडीला साडेसहा तास लागत. नव्या मार्गावर आरंभी चार तास लागू लागले, आता अडीच तासही लागत नाहीत. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरांची वाट माउलींची पालखी अठरा-वीस दिवसांत चालते. तेवढे अंतर ही गाडी तासा-सव्वातासात कापते.

परत आल्यावर एका वृद्ध माळकऱ्यास हे सांगितले. तो म्हणाला, "बुवा, मग आम्ही जन्मभर पाय झिजवले ते फुकटच म्हणायचे का? नाहीतर ती गाडी तरी खोटी!"

ह्यावर प्रथम हे सांगितले पाहिजे की गाडी खोटी नाही. तिच्यामागे मोठा नियम आहे. भूकंपाची पहिली चाहूल यंत्रांना लागताच वीज तुटते व गाड्यांचे ब्रेक लागतात. १९६४ पासून आजवर तेथील ह्या जलद गाड्या घसरून वा आदळून एकही प्रवासी दगावलेला नाही. हजारो माणसांनी आपापले काम चोख केल्याशिवाय असे घडत नाही. दुसऱ्याच्या जिवाची इतकी काळजी जेथे वाहिली जाते, तेथे अधर्म कुठला? आणि गाडीने वारी बुडते म्हणावे, तर १९०६ साली पंढरपुरास रेल्वे आली. म्हणून दिंड्या थांबल्या काय? ज्यांचे गुडघे धरले होते त्यांनाही त्या गाडीने चंद्रभागा दाखविली. एवढा उपकार मान्य केलाच पाहिजे.

मग जलद गाडीत हरवते ते काय? पुष्कळ लोक म्हणतील, कष्ट हरवतात. आम्हांस तसे वाटत नाही. नुसत्या कष्टाने पुण्य लागते तर ओझ्याचा बैल सर्वांआधी तरला असता.

टोकियोचे जुने नाव एदो. तेथून क्योतोला जाणारी 'तोकाइदो' नावाची पायवाट होती. जलद गाडीच्या मार्गाला तिचेच नाव आहे. सुमारे ४९० किलोमीटरांच्या त्या वाटेवर ५३ मुक्काम होते आणि चालणाऱ्यास दोन आठवडे लागत. योक्काइची गावाजवळ तिला इसेच्या मोठ्या देवस्थानाची वाट फुटे. १८३० साली तर इसेच्या यात्रेला लाखो लोक लोटले होते. कित्येक रिकाम्या हाताने निघत आणि वाटेवरची गावे त्यांना जेवू घालीत. ज्यांना स्वतः जाणे शक्य नसे, असे कोणी आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पैशाची पिशवी बांधून त्याला यात्रेकरूंबरोबर धाडीत. वाटेवरचे लोक त्याला खाऊ घालीत, पुढची वाट दाखवीत. मुके जनावर देवाला पोचून घरी परत येई. वाचकहो, आपल्या दिंडीला भाकरी-पिठले वाढणारी गावे आठवा, म्हणजे हे परके वाटणार नाही.

ते कुत्रे परक्यांच्या दयेवर पोचले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. चालणारा माणूस वाटेवर याचक असतो. तो पाणी मागतो, ओसरी मागतो, 'पुढचं गाव किती लांब?' म्हणून विचारतो. मागताना अहंकार वाकतो, आणि देणाऱ्याचे तोंड ओळखीचे होते. जलद गाडीत मात्र आम्ही गिऱ्हाईक होतो. तिकीट काढलेले, जागा ठरलेली, कोणाला काही विचारावयाची गरज नाही. वाटेवरची गावे खिडकीतून सरकून गेली, पण त्यांतल्या एकाही माणसाचे आम्ही देणे लागलो नाही. वेगाने दुसऱ्याची गरज काढून घेतली. हरवते ते हे. आणि जेथे गरज नाही, तेथे जाणणे आपोआप होत नाही, मुद्दाम करावे लागते.

हे मुद्दाम करणे काय, ते त्याच गाडीत कळले. त्या गाडीच्या बैठका फिरवून समोरासमोर करता येतात. तशा करून आम्ही बसलो. फुजी पर्वत दिसला तोवर नातवंडे खिडकीशी होती, मग जो तो आपल्या फोनमध्ये शिरला. थोड्या वेळाने सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "बाळ, आता तो फोन ठेव. गावी येतोस तेव्हा आठ दिवस बँकेत अन् पाहुण्यांत जातात. आज तुला कुठंच जायचं नाही." चिरंजीव काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आई, मुलांना मराठी कळतं, पण बोलायला लाजतात. तुम्ही परत गेलात की बोलणार कोणाशी? उद्या ही माझ्याशी तरी कोणत्या भाषेत बोलतील, याची धास्ती वाटते." ही धास्ती फोनवरच्या बोलण्यात कधी आली नव्हती. सूनबाईंनीही मग मन मोकळे केले. नागोया मागे पडले तेव्हा धाकटी नात आजीजवळ अडखळत अडखळत दशमी मागत होती, आणि आजी ती नीट मागितल्याशिवाय देत नव्हती!

तात्पर्य, गतीला स्वतःचे पाप नाही की पुण्य नाही. वाचलेले तास ही दुसऱ्यांच्या श्रमाने आपल्या हाती आलेली ठेव आहे. ती पुन्हा धावण्यातच उधळली, तर माणूस नुसता गेला, त्याने जाणले काहीच नाही. तीच ठेव शेजारच्या माणसाला दिली, तर बसल्या जागी वाट चालल्यासारखे होते. पायी चालणाऱ्याचे पाय फुकट गेले नाहीत. वाटेने त्याला माणसे दिली. गाडीने येणाऱ्याने ती आपण होऊन शोधावीत. आषाढीला जो मोटारीने किंवा रेल्वेने पंढरीस येईल, त्याच्या हाती पंधरा-वीस दिवस शिल्लक असतात. त्यांतला एक दिवस त्याने वाटेवरच्या दिंडीला पाणी वाढण्यात घालवावा, आणि एक दिवस घरी अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे. मग कोणत्याही वाहनाने यावे. इत्यलम्.