वाट संपते तिथे राहायला जाताना

वाळवंटी रॅलीत नाव कमावलेले भारतीय मोटरसायकलस्वार वाळवंटातले नाहीत. २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष बंगळूरचा. २०१९ मध्ये ती पूर्ण करणारा के. पी. अरविंद उडुपीचा, म्हणजे समुद्राकाठचा. २०२४ मध्ये एकूण अकरावा येऊन ‘रॅली-२’ गट जिंकणारा हरिथ नोआ केरळातल्या शोरनूरचा, भारतपुळेच्या काठचा. आपला आशिष रावराणे तर मर्चंट नेव्हीतला. २०२१ मध्ये तो डाकारच्या ज्या गटात उतरला, तिथे मेकॅनिक सोबत नसतो. दिवसभर पळवलेली गाडी रात्री स्वतःच खोलायची, स्वतःच जोडायची आणि पहाटे पुन्हा तिच्यावर बसायचं. थरच्या वाळूत वाढलेला एकही जण या यादीत नाही. म्हैसूरला राहून मातीत गाडी चालवणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार दिलासा देते, आणि तितकीच अस्वस्थही करते. दिलासा अशासाठी की जन्मभूमीने हात बांधलेले नसतात. अस्वस्थ अशासाठी की यातला प्रत्येक जण कधी ना कधी घर सोडून वाळूकडे गेलेला आहे.

म्हैसूरची जमीन काही कमी शिकवत नाही. लाल माती, वरून सुटा मुरूम, मधूनच उघडा पडलेला ग्रॅनाइट, तळ्यांचे बांध, निलगिरीच्या लागवडीतल्या गाडीवाटा. उन्हाळ्यात मुरमावर पुढचं चाक असं घसरतं की हँडल घट्ट धरणारा हमखास पडतो. पावसाळ्यात कालव्याकडच्या काळ्या रानात शिरलात तर मडगार्डखाली चिखल भरून चाक फिरायचंच थांबतं. पायांवर उभं राहून तोल सांभाळणं, क्लच अर्धा सोडून गाडी खडकावरून चढवणं, नजर चाकापुढे न ठेवता वीस पावलं लांब ठेवणं, हे सगळं इथे शिकता येतं.

वाळू मात्र इथे शिकता येत नाही. वाळूत उतरायच्या आधी टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे रबर पसरतं आणि गाडी रुतत नाही. अंगाचा भार मागे न्यायचा, हँडल सैल धरायचं, पुढचं चाक हवं तसं डोलू द्यायचं. थ्रॉटल मिटला की पुढचं चाक खाली खणू लागतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणजे भीती जिथे वेग कमी कर म्हणते, नेमका तिथे वेग राखायचा. आणि टेकाडाच्या माथ्यावर याच्या अगदी उलट, कारण वाऱ्याच्या आडोशाची बाजू एकदम खाली कोसळलेली असू शकते. पहाटेच्या गारव्यात टणक असलेली वाळू दुपारी मऊ होते, म्हणून सकाळी जमलेली चढण दुपारी जमेलच असं नाही. हे वाचून कळतं, अंगात उतरत नाही. त्यासाठी तिथेच राहावं लागतं.

म्हणून चांगल्या ट्रेलसाठी गाव सोडणाऱ्या माणसाला मी चैनखोर म्हणणार नाही. आपल्याकडे नोकरीसाठी बदली घेणारा शहाणा ठरतो, मुलांच्या शाळेसाठी घर बदलणारा कर्तव्यदक्ष ठरतो, आणि ज्या जमिनीवर आपलं मन लागतं तिच्याजवळ राहायला जाणाऱ्याच्या नशिबी मात्र नातेवाइकांची काळजी येते. संगीतात आपण हा न्याय लावत नाही. भीमसेन जोशी पोरवयात गुरूच्या शोधात गदगचं घर सोडून निघाले आणि शेवटी पुण्याचे झाले. म्हैसूर दरबारी जाणारे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थिरावले. विद्या जिथे आहे तिथे जावं, हे आपल्याला पटलेलं आहे. शरीराने शिकायची विद्याही विद्याच असते. वाळूवर तोल सांभाळणाऱ्याच्या पोटऱ्यांत आणि खांद्यांत जी समज साठते, तिला मी कुठल्याही बैठ्या विद्येपेक्षा हलकं मानत नाही.

पण ‘चांगला ट्रेल’ म्हणजे काय, हे मात्र नीट बघायला हवं. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ एकच असतो: मोकळी जमीन. जिथे कुंपण नाही, पीक नाही, अडवणारं कोणी नाही. या मोकळेपणाच्या कल्पनेशीच माझं भांडण आहे, आणि ते भांडण मला म्हैसूर जिल्ह्यानेच शिकवलं.

इथून पंचेचाळीसेक किलोमीटरवर, कावेरीच्या वळणावर तलकाड आहे. हिरव्या भाताच्या मुलखात अचानक वाळूच्या टेकड्या लागतात, आणि त्या पाहून कुठल्याही ऑफ-रोडवाल्याचा हात नकळत थ्रॉटलकडे जातो. पण त्या वाळूखाली देवळं आहेत. गंगांची राजधानी, मग चोळांचं ठाणं. चोळांना हटवल्यावर होयसळ विष्णुवर्धनाने इथे कीर्तिनारायणाचं मंदिर उभारलं, ते १११७ च्या सुमारास. पुढे नगर वाळूत बुडत गेलं. लोक अलमेलम्मेच्या शापाची कथा सांगतात. श्रीरंगपट्टणच्या सुभेदाराची ही पत्नी. १६१० मध्ये राजा वडियारने श्रीरंगपट्टण घेतल्यावर दागिन्यांसाठी तिचा पाठलाग झाला. तेव्हा तलकाडची वाळू होवो, मालंगीचा डोह होवो आणि म्हैसूरच्या राजांना संतान न होवो, असं म्हणत तिने कावेरीत उडी घेतली. अभ्यासकांचा एक तर्क असा की विजयनगरच्या काळात नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याने प्रवाह बदलला, पात्रातली वाळू उघडी पडली आणि वारा ती गावावर आणत राहिला. शाप माना की बंधारा माना, दोन्ही कथांचा गाभा सारखाच आहे: माणसाने काहीतरी ओरबाडलं आणि त्यातून वाळू आली. पुरातत्त्व खात्याने काही मंदिरं वाळूतून मोकळी केली. पंचलिंग दर्शनाच्या वर्षी, शेवटचं मला आठवतं ते २०२० चं, हजारो माणसं याच वाळूतून अनवाणी चालत जातात.

तलकाडच्या वाळूत गाडी घालू नये, हे सांगायला कुठल्या नियमाची गरज नाही. पण तिथे उभं राहिल्यावर एक प्रश्न मनातून जात नाही. इथल्या वाळूखाली काय आहे ते मला ठाऊक आहे म्हणून मी थांबतो. मग जैसलमेरच्या वाळूत काय आहे ते मला ठाऊक नाही, एवढ्यावर मी तिथे मोकाट सुटायचं? थरमध्ये ओरण असतात, देवाच्या नावाने राखलेली रानं, जिथे गावाची गुरं चरतात आणि झाडावर कुऱ्हाड पडत नाही. माळढोक तिथेच उघड्या जमिनीवर, घरटं न करता, बहुधा एकच अंडं घालतो. जंगलातले माळढोक आता जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत. ते अंडं मातीच्या रंगाचं असतं. ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्याला ते दिसणं शक्यच नाही.

डाकारचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. ही रॅली सुरू करणारा थिएरी सबीन १९७७ मध्ये अबिजान-नीस शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, मरता मरता वाचला, आणि ज्या वाळवंटाने त्याला जवळजवळ संपवलं त्याच्याच प्रेमात पडून परतला. डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून पहिली रॅली निघाली. मॉरिटानियातल्या हिंसेमुळे २००८ ची रॅली रद्द झाली, पुढच्या वर्षी ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे. तीन खंड झाले, नाव मात्र अजून सेनेगलच्या राजधानीचं. चिलीतून जाताना या ताफ्याच्या चाकांखाली अटाकामातल्या पुरातन अवशेषांचं नुकसान झाल्याची नोंद तिथल्या स्मारक परिषदेने केली. शर्यत पुढच्या देशात गेली. चिरडलेली जागा चिलीतच राहिली. स्वारांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२० मध्ये पाउलो गोन्साल्विसने हीरोच्या गाडीवर याच शर्यतीत प्राण गमावले, २०२१ मध्ये संतोषच्या डोक्याला गंभीर इजा झाली. पण त्या जमिनीवर राहायचं नसलं की तिचं काय होतं याचा हिशोब कोणी मागत नाही, हेही तितकंच खरं.

म्हणूनच मला वाटतं, जमिनीला खरा धोका ट्रेलसाठी घर हलवणाऱ्याचा नसून शनिवार-रविवार येऊन जाणाऱ्याचा आहे. पुण्याच्या आसपासचे सासवड-जेजुरीकडचे, इंदापूरकडचे माळ घ्या. वरून ओसाड दिसतात. प्रत्यक्षात तिथे लांडगा आहे, चिंकारा आहे. चंडोल आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात. धनगरांची मेंढरं शतकानुशतकं तिथे चरत आली आहेत. सुट्टीच्या दिवशी जीप आणि बाइकचा ताफा येतो, गवतातून नव्या वाटा पाडतो आणि संध्याकाळी निघून जातो. पुढल्या पावसात त्या चाकोऱ्यांतून पाणी वाहतं आणि माती घेऊन जातं. तिथेच राहणाऱ्याला हे दिसतं. मेंढपाळ कुठल्या महिन्यात कुठे असतो, कुणाच्या विहिरीचा पाइप कुठून गेलाय, हे त्याला कळतं, कारण त्याच मेंढपाळाशी दुसऱ्या दिवशी दुकानात गाठ पडणार असते. म्हैसूरमध्ये राहिल्यावर बंडीपूरच्या रस्त्यांवर २००९ पासून रात्री वाहतूक का बंद असते, हे वाद न घालता पटतं. हत्तींच्या वाटा माहीत असलेला माणूस त्या वाटांवर आवाज करत नाही.

या शहराला स्थलांतराचा एक चांगला अनुभवही आहे. चेकोस्लोव्हाकियाची जावा मोटरसायकल इथे राहायला आली. रुस्तुम आणि फारूख इराणी यांनी आयडियल जावाचा कारखाना काढला, १९६१ मध्ये त्याचं उद्घाटन जयचामराज वडियारांनी केलं. एकच दांडा, तोच किक आणि तोच गिअर, असलं तिचं विलक्षण यंत्र इथल्या मेकॅनिकांच्या हातात चांगलं बसलं, आणि १९७३ पासून ती ‘येझदी’ नावाने निघू लागली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पण दोन-स्ट्रोकचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगणारी माणसं या शहराने घडवली. बाहेरून आलेली वस्तू इथली झाली, कारण ती इथल्या हातांवर विसंबून राहिली.

मग स्वारांनी जावं कुठे? माझं ठाम मत असं की आधीच खणून झालेल्या जागा घ्याव्यात, आणि त्या भाड्याने, लेखी करार करून. संतोषने कोलारच्या बाजूला ‘बिग रॉक डर्ट पार्क’ उभारलं. ठरावीक जागेत मुलांना मातीवर गाडी शिकवण्याची ही पद्धत मला सर्वांत सरळ वाटते. म्हैसूरभोवती आणि पुण्याभोवतीही वापरून सोडलेल्या दगडखाणी कमी नाहीत. चढ, उतार, सुटा दगड, तळाला साचलेली बारीक रेती, सगळं एकाच जागी मिळतं. अशा खाणींच्या कपारींत शृंगी घुबडं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. खाण घेणाऱ्याने तिथेच राहावं, ती कपार हेरावी आणि तेवढे महिने त्या बाजूची वाट बंद ठेवावी. बाकीची खाण चालवायला पुरते.