वाडा कोणाचा?

पुण्यांत बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा उभा आहे. दुसऱ्या बाजीरावानें तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या राहण्यासाठीं बांधविला आणि जेमतेम दहाअकरा वर्षें उपभोगला. 1818 सालीं राज्य गेलें. धनी ब्रह्मावर्तास गेला, वाडा मागें राहिला. 1821 सालीं इंग्रज सरकारनें तेथें संस्कृत पाठशाळा स्थापिली; तिच्याच परंपरेंत पुढें डेक्कन कॉलेज उदयास आलें. 1879 सालच्या आगींत वाड्याचा बराच भाग जळाला. विसाव्या शतकांत नगरपालिकेची कचेरी त्यांत भरली, टपालकचेरीही आली, आणि पुढें शहराच्या इतिहासाचें प्रदर्शन मांडलें गेलें.

हें पाहून कित्येक सुशिक्षित हळहळतात. जेथें पेशव्यांची बैठक होती तेथें कारकुनांचीं मेजें मांडावीं, ही त्यांस वास्तूची विटंबना वाटते. या हळहळीच्या मुळाशीं एक गृहीत आहे: बांधणाऱ्याचा हेतु हाच वास्तूचा खरा धर्म, आणि पुढचा प्रत्येक उपयोग म्हणजे अधःपात. हें गृहीत आम्हांस मान्य नाहीं.

पॅरिसमध्यें सरदारांच्या वा धनिकांच्या शहरांतील वाड्यास 'ओतेल' म्हणतात. तेथील ओतेल बिरों 1732 च्या सुमारास एका धनाढ्यासाठीं पुरा झाला. 1820 पासून तेथें जोगिणींची मुलींची शाळा होती. 1908 सालीं शिल्पकार रोदँ तेथें भाड्यानें राहूं लागला, आणि 1919 सालीं तेंच त्याचें संग्रहालय झालें. आज त्या घरास जग ओळखतें तें भाडेकरूच्या नांवानें. उपयोग बदलल्यानें वास्तु हीन होतेच असें नाहीं.

आमच्या वाड्याविषयीं तर याहून मूलगामी प्रश्न आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती मक्त्यानें दिल्या जात. अधिक बोली करणाऱ्या मक्तेदारानें ती रक्कम रयतेकडून उगवावी, अशी रीत पडली होती. अशा राज्याच्या तिजोरींतून उभ्या राहिलेल्या वाड्याचे खरे दाते कुणबी होत. तेव्हां वाडा सार्वजनिक झाला हा त्याचा अधःपात नसून, उशिरां झालेली परतफेड होय.

यावर कोणी विचारील: मग शाळा काय आणि गुदाम काय, सारें सारखेंच कीं काय? तसें नाहीं. उपयोगाची कसोटी ही कीं, दार कोणासाठीं उघडलें? 1821 ची पाठशाळा विद्येची होती खरी, पण ती मुख्यत्वें ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठींच होती. धनी बदलला, उंबरठा मात्र बहुतांस पूर्वीइतकाच उंच राहिला.

याच शहरांत बुधवार पेठेंत भिड्यांचा वाडा होता. 1848 सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं तेथें मुलींची शाळा काढली. त्या वाड्यास ना पेशव्यांचें नांव, ना तसें वैभव. परंतु दार उघडण्याच्या कसोटीस तो विश्रामबागेहून कितीतरी श्रेष्ठ ठरतो. पुढें त्यांत दुकानें थाटलीं, भिंती खचल्या; दीर्घ न्यायालयीन वादानंतर 2023 सालीं राष्ट्रीय स्मारकासाठीं तो पाडण्यांत आला. म्हणजे ज्या वास्तूनें दार बंद ठेविलें तिचे खांब आम्हीं जपले. जिनें दार उघडलें ती मात्र आमच्या डोळ्यांदेखत ढासळूं दिली. कोरीव लाकूड चटकन् दिसतें. न्यायाचें कृत्य आठवावें लागतें, हेंच याचें कारण असावें.

विश्रामबागवाडा जपूं नये असें आमचें म्हणणें नाहीं; तो अवश्य जपावा. मात्र तो दाखवितांना अर्धीच गोष्ट सांगूं नये. शिरूर तालुक्यांतील कारेगांवासारख्या गांवचीं मुलें, ज्यांच्या शेतांशेजारीं आज रांजणगांवचे कारखाने उभे आहेत, सहलीनें येथें येतील तेव्हां त्यांस कोणत्या पेशव्यानें हा वाडा बांधला हें सांगावेंच; त्याबरोबर वसुली कशी होई, आणि येथल्या शाळेंत कोणास प्रवेश नव्हता, हेंही सांगावें. आपल्यासारख्याच रयतेच्या घामाचा अंश या खांबांत आहे, हें त्यांस कळलें, तर तीं परक्याचें वैभव पाहून दिपणार नाहींत. स्वतःच्या घरांत यावें तशीं येतील.