शून्याची नोंद

गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या एका गावात एक म्हातारा राहत होता. त्याच्याकडे एक लांब दोरी होती. तिला दर 25 सेंटिमीटरवर लाल चिंधी बांधलेली होती. रोवणीच्या दिवसांत दोरी बांधीत ताणायची, चिंधी आली की रोपांचा चूड रोवायचा, आणि धान ओळीनं उभं राहायचं. म्हातारा दोरी कुणालाही द्यायचा, पैसा घ्यायचा नाही. फक्त वहीत नोंद ठेवायचा: घराचं नाव आणि दोरीनं रोवलेल्या बांध्या.

2023 साली त्या गावात पाऊस लांबला. पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, जून झाले. एका मायनं दोरी नेली, बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून पऱ्ह्यांची जुडी निरखून पाहिली, आणि दोरी तशीच गुंडाळून परत आणली.

“यंदा नको जी, बाबाजी. जून पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. मी दाट रोवीन. दोन मुठींवर एक चूड.”

“मग वहीत काय लिहू?”

“शून्य लिहा.”

म्हाताऱ्यानं वहीत शून्य कधी लिहिलं नव्हतं. त्यानं लाल पेन्सिलीनं फुली मारली. वही पाहणारा जो तो विचारू लागला, “या घरचं काय चुकलं?” हे मायच्या कानावर आलं. ती काही बोलली नाही. बाया घेऊन बांधीत उतरली.

तिची लेक घरी बसून वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळांच्या थीम बनवायची. एका रात्री ती उशिरापर्यंत पडद्यापुढे बसून होती.

“काहून झोपली नाहीस?” मायनं विचारलं.

“वर्डप्रेसमध्ये 2022 पासून पानावरच्या रिकाम्या जागेची सात मापं आयती मिळतात. त्यांची सांकेतिक नावं 20, 30, 40 अशी 80 पर्यंत. माझ्या थीमला मी बेतलेली चारच पुरतात. म्हणून आयती मापं बंद करायला गेले, तर ‘मूल्य अवैध आहे’ अशी सूचना येते. पान नीट दिसतं गं, पण काही चुकल्यासारखं वाटतं.”

माय तिच्याजवळ बसली. “तुलाही फुली मिळाली म्हणायची. तिथं शून्य चालत नाही का?”

लेकीनं थीमची फाइल पुन्हा उघडली. मापांच्या किती पायऱ्या हव्यात, त्या ओळीत तिनं 0 लिहिलं. सूचना गेली. सात मापं निघून गेली, तिची चार तेवढी राहिली. ज्यांनी ती सात मापं बनवली, त्यांनी शून्यालाही जागा ठेवली होती.

दिवाळी जवळ आली. धान पिवळं पडू लागलं. म्हातारा एका सकाळी मायच्या धुऱ्यावरून चालला होता. तो थांबला, वाकला, दोन चुडांच्या मधे त्यानं आपल्या दोन मुठी ठेवल्या. बरोबर बसल्या. पुढच्या चुडाशी ठेवल्या, तिथंही बसल्या. दहाव्या चुडापर्यंत तो असाच वाकून गेला. लोंब्या त्याच्या मनगटांना लागत होत्या.

“माप होतं तर,” तो स्वतःशीच म्हणाला.

घरी जाऊन त्यानं वही काढली, फुली खोडली आणि शून्य लिहिलं. पुढच्या रोवणीला दोरी देताना तो प्रत्येकाला विचारू लागला, “हवी, की शून्य लिहू?”

त्याच सुमारास, 2024 च्या जुलैत, वर्डप्रेसची 6.6 आवृत्ती आली. आयती मापं हवीत की नकोत, हे सांगायला तिच्यात वेगळी सोयच होती. लेकीनं ती मायला दाखवली.

ज्याच्या हाती माप नाही, त्याला आयतं माप मोठा आधार देतं. म्हाताऱ्याची दोरी म्हणूनच गावाला हवी होती, आणि पुढेही हवीच असेल. पण कुणी विचार करून ‘नको’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा त्याचं स्वतःचं माप असतं. देणाऱ्यानं त्याच्या नावापुढे फुली मारू नये. शून्य लिहावं, आणि दोरी पुढच्या घरी न्यावी.