चाललेल्या अंतराला रकाना हवा

पावसाळ्यात भातसा धरणाची पातळी रोज वर्तमानपत्रात छापून येते. मुंबईची तहान त्या आकड्यावर अवलंबून आहे, म्हणून तो काटेकोरपणे मोजला जातो. हे धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथे, भातसानगरच्या आसपासच्या आणि पलीकडे मुरबाड तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी पायी जाते. ती बाळाचं वजन नोंदवते, ताप नोंदवते, लसीची तारीख नोंदवते. ती स्वतः किती चालली, हे मात्र कुणी विचारत नाही.

घरी जाऊन केलेल्या सेवेची ताकद महाराष्ट्रानेच जगाला दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. २०११ साली याच धर्तीवरची पद्धत देशभरातल्या आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये.

आशा नेमण्याचा देशपातळीवरचा निकष साधारण हजार लोकसंख्येमागे एक असा आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात तो वस्तीनुसार शिथिल करता येतो. पण लोकसंख्या हे कामाचं माप नव्हे. एका गावठाणातली हजार माणसं आणि पाच पाड्यांवर विखुरलेली हजार माणसं यांच्यात एक ओढा असतो, एक चढ असतो, एस.टी. न येणारा रस्ता असतो. मोबदला दोन्हीकडच्या आशांना सारखाच. सरासरी काढली की दोघी सारख्या दिसतात, आणि जिचं काम दुप्पट आहे तीच ‘कामात मागे’ ठरते.

ऋतूचंही तसंच. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एखादी बाई पाड्यावर बाळंत होते आणि तिसऱ्या भेटीआधीच भट्टीवर पोचते. एका आशेच्या वहीत अपुऱ्या भेटी राहतात, दुसरीच्या हद्दीत नोंद नसलेलं बाळ येतं. स्थलांतराचे महिने ठाऊक असताना कामाची वाटणी वर्षभर एकच का ठेवायची?

मोजायच्या गोष्टी थोड्या आहेत: किती पाडे, किती अंतर, पावसात कोणती वाट बंद होते, कोणत्या महिन्यात किती बाळं, एका आशेकडे किती सर्वेक्षणं, आणि कुणी काम सोडलं तर का सोडलं. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांच्या मासिक बैठकीत एवढं उतरवलं तरी नवी आशा कुठे हवी, प्रवासभत्ता कुणाला हवा, कुणाच्या डोक्यावरचं सर्वेक्षण काढायला हवं, हे तालुक्यालाच ठरवता येईल.

मात्र माहिती कुणाच्या हाती जाते, यावर सगळं अवलंबून आहे. मोबाइलवर आशेचा माग काढून कामचुकारपणा शोधायचा असेल तर हा सगळा खटाटोप नको. नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या ‘बुर्टझोर्ख’ या गृहशुश्रूषा संस्थेत जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट आपलं वेळापत्रक आणि कामाची वाटणी स्वतः ठरवतो. आपल्या आशांनाही त्यांच्याच आकड्यांवर बोलण्याचा पहिला हक्क मिळायला हवा. कल्याण-ठाण्यात घरोघरी आया पाठवणाऱ्या ब्युरोंनाही मोजणीचं हे तत्त्व लागू आहे: बारा तासांच्या पाळीत आसनगाव-कसाऱ्याहून येण्याजाण्याचा वेळ मोजला नाही, तर या आया का टिकत नाहीत हे कधीच कळणार नाही.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशांना दीर्घ संप करावा लागला, तेव्हा मार्चमध्ये मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. ती हक्काचीच होती. पण वाढलेले पैसे सपाटीवर आणि डोंगरावर सारखेच पडतात. रस्त्यावर उतरल्याशिवाय ज्यांचं ओझं दिसत नाही, त्यांचं ओझं कागदावर आणणं हे शासनाचं काम आहे. शहापूर-मुरबाडपासून ते सुरू व्हावं, आणि पुढच्या आरोग्य आराखड्यात लोकसंख्येच्या शेजारी अंतराचा रकाना यावा.