कागदी बांध

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं गाड्या पॉलिश करायचं गॅरेज होतं. दसरा जवळ आला की तिथं पाय ठेवायला जागा नसायची. खंडेनवमीच्या पूजेला गाडी चकचकीत हवी, आणि ती आदल्या संध्याकाळीच दारात हवी, असा प्रत्येकाचा हट्ट. पण कितीही घाई असली तरी अण्णा आपला क्रम मोडायचे नाहीत. गाडी धुऊन, पुसून, कोरडी झाली की मशीनला हात लावण्याआधी ते कागदी मास्किंग टेपची गुंडाळी घेऊन बसायचे. दरवाजांखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, काचांभोवतीची रबरी बीडिंग, कंपनीच्या नावाची अक्षरं, दिव्यांच्या आणि बॉनेटच्या कडा, सगळं झाकायचे. टेपची कड नखानं दाबत दाबत पुढं सरकायचे. यात तासभर सहज जायचा.

त्यांच्या हाताखालचा सद्या याला पार कंटाळला होता. पोराच्या हातात कसब होतं. जड फिरतं मशीन तो लीलया पेलायचा. त्याच्या मनात यायचं, एवढं चिकटवायचं आणि शेवटी काढून टाकायचं! गिऱ्हाईक चकाकीचे पैसे देतं, टेपचे थोडेच देतं?

एके दिवशी अण्णा सामान आणायला गेले आणि एक लाल गाडी सद्याच्या हवाली करून गेले. सद्यानं टेपकडं बघितलंसुद्धा नाही. पॅडवर पॉलिशचं कंपाउंड घेतलं, मशीन सुरू केलं आणि अण्णा परतायच्या आत गाडी लखलखीत करून टाकली.

कंपाउंड वाळलं तसं खरं रूप दिसायला लागलं. काळ्या पट्ट्यांवर पांढरे फराटे उमटले होते. ते प्लास्टिक गुळगुळीत नसतं. त्याच्या खरबरीत अंगात कंपाउंडची पूड एकदा जाऊन बसली की नुसत्या पाण्यानं हलत नाही. सद्यानं पाणी मारलं, फडक्यानं घासलं. ओली असेपर्यंत पट्टी काळी दिसे, वाळली की पुन्हा पांढरी.

अण्णांनी ते पाहिलं. रागावले नाहीत. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी त्याच्यापुढं ठेवलं. दुपार सरली, दिवेलागण झाली, तरी सद्या पट्ट्या घासतच होता.

"टेपला लई वेळ जातोय म्हणायचास न्हवं?" अण्णा एवढंच बोलले.

धडा मिळाला, पण सद्यानं तो अर्धाच घेतला. पुढच्या काळ्या गाडीला त्यानं एकावर एक असे टेपचे दोन थर लावले आणि तो निर्धास्त झाला. आता काय बिघडतंय? त्यानं मशीनचा वेग वाढवला आणि पॅड थेट बॉनेटच्या कडेवर दाबलं. टेपच्या क्षणात चिंध्या झाल्या, त्या पॅडमध्ये गुंडाळल्या गेल्या, आणि मशीन बंद केलं तेव्हा कडेवर बोटभर लांबीचा करडा प्रायमर उघडा पडला होता.

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस त्याहून जाड, सुमारे 70 मायक्रॉन. त्यात कडेवर रंग आणखी पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब, सगळी उष्णता त्या एका रेषेवर येते. पट्टीवरचा डाग घासून निघाला होता. गेलेला रंग घासून परत येणार नव्हता.

"अण्णा, टेप लावला होता की! डबल लावला होता!" सद्या रडवेला झाला.

सद्या टेपकडून भलतंच काही मागत होता. हा टेप जन्माला आला तोच गाड्यांच्या रंगकामात. 1920 च्या दशकात अमेरिकेत दोनरंगी गाड्यांची हौस होती. एका रंगाची हद्द झाकायला कारागीर जो कागद चिकटवायचे, तो काढताना ताजा रंगही उपटून यायचा. त्यांचा वैताग थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणानं पाहिला आणि 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केला. चिकटावा, पण काढताना रंगाला न दुखवता सुटावा, हेच त्याचं काम. असा मवाळ कागद मिनिटाला हजारावर फेरे घेणाऱ्या पॅडला अडवणार कसा?

अण्णांना हा इतिहास ठाऊक नव्हता, पण टेप ठाऊक होता. ते म्हणाले, "आरं, शेताचा बांध बैलाला अडवतोय व्हय? त्यो औत हाकणाऱ्याला सांगतोय, हितनं वळ. तू बांधावरच औत घातलंस."

बॉनेट गॅरेजच्या खर्चानं पुन्हा रंगवावं लागलं. त्या मालकाची खंडेनवमी गाडीविना गेली. अण्णांनी सद्याच्या पगारातला रुपयाही कापला नाही. मालकाला बॉनेट दाखवायचं काम मात्र त्यालाच दिलं.

त्यानंतर सद्याची पद्धत बदलली. टेप लावल्यावरही तो पॅड टेपच्या बोटभर अलीकडं थांबवू लागला. कडेजवळ वेग कमी, पॅड सपाट, दाब नाही. काम झाल्यावर गाडी उन्हात न ठेवता टेप लगेच, मागं दुमडत, सावकाश सोलायचा. टेपलगत राहिलेली बारीक पट्टी मऊ फडक्यानं हातानंच पॉलिश करायचा.

दिवाळीच्या गर्दीत एक गिऱ्हाईक घड्याळ बघत म्हणालं, "अरे, तुझा हात एवढा चांगला आहे, मग गाडीला टेप कशाला लावत बसतोस?"

सद्या मान वर न करता म्हणाला, "टेप गाडीसाठी न्हाई साहेब, माझ्या हातासाठी लावतोय."

तात्पर्य : हद्द आखायची ती अंगात जोर चढायच्या आधी. आणि आखलेली हद्द नुसती खूण असते. तिच्यापाशी थांबायचं काम आपलंच असतं.